मोघेसाहेबांची सायकलची रजा

कंपनीच्या चारशे माणसांचे पासपोर्ट माझ्या तिजोरीत असत आणि त्यांतल्या एकाही माणसावर माझा विश्वास नव्हता. यात मी काही मोठेपणा सांगत नाही, कामच तसं होतं. रियाधला माणूस उतरला की कंपनी त्याचा पासपोर्ट काढून घेई आणि हातात इकामा हा राहण्याचा परवाना देई. मग तो सुट्टीवर निघेपर्यंत पासपोर्ट माझ्या कुलपात. सुट्टीवर जायचं तर एक्झिट-रीएन्ट्रीचा शिक्का लागायचा, म्हणजे जाण्याची आणि परत येण्याची परवानगी, आणि तो कंपनीने मागितल्याशिवाय मिळत नसे. आमच्या कंपनीने त्यावर स्वतःचा एक नियम चढवला होता. जाणाऱ्यासाठी मागे राहणाऱ्या कुणीतरी जामिनाच्या कागदावर सही करायची. गेलेला परत आला नाही तर तो येईपर्यंत जामीनदाराचा पासपोर्ट तिजोरीतून हलायचा नाही.

अकरा वर्षं मी त्या तिजोरीशेजारी बसलो. माणसं काय काय थापा मारतात ते मला विचारा. एका फोरमनने सख्ख्या आईला तीन वर्षांत दोनदा दफन केलं. दुसऱ्याच्या बहिणीचं लग्न दर सुट्टीला व्हायचं आणि दर वेळी नवरा वेगळा. म्हणून कुणी हसतमुखाने अर्ज घेऊन आला की माझ्या पोटात आधी संशय उठायचा, सलाम नंतर.

मी सिराजुद्दीन. गाव जयगडच्या खाडीवर. वडील शिडाच्या गलबतावर तांडेल होते, त्यामुळे दर्यातलं मला थोडंफार कळतं अशी माझी समजूत होती. पुढे जे झालं ते या समजुतीमुळेच झालं.

नव्वद सालच्या मे महिन्यात सदानंद मोघे रजेचा अर्ज घेऊन माझ्या टेबलाशी आले. कॉम्प्युटर विभागात होते. माणूस इतका मवाळ, की पाय दुसऱ्याने तुडवला तरी सॉरी हेच म्हणायचे. बायको हेमलतावहिनी मिरजेकडच्या. मूलबाळ नाही. सहा वर्षांत तीन सुट्ट्या, तिन्ही मिरजेला, सासरमाहेरची माणसं सांभाळण्यात गेलेल्या.

“सिराजभाई, या वेळी हॉलंड,” मोघे म्हणाले आणि लाजले.

“हॉलंडमध्ये कोण आहे तुमचं?”

“कुणीच नाही. म्हणून तर.”

त्यांनी एक रंगीत माहितीपत्रक माझ्यापुढे ठेवलं. आमच्याकडच्या विलेम नावाच्या डच इंजिनिअरने ते मागवून दिलं होतं. आठवडाभराची सहल. एका जुन्या शिडाच्या जहाजावर राहायचं, जेवायचं, झोपायचं. सकाळी जहाज एखाद्या बेटाला लागलं की सायकली खाली उतरवायच्या, दिवसभर बांधावरून, मेंढ्यांच्या कुरणांतून, पवनचक्क्यांजवळून हिंडायचं आणि संध्याकाळी पुन्हा जहाजावर. दोन दिवस आतल्या खेड्यांतून, बाकीचे बेटांवर. टेक्सल, व्हलिलांड अशी बेटांची नावं होती. सोबत भरायच्या फॉर्ममध्ये प्रत्येकाची उंची विचारली होती, सायकलीची सीट बसवायला. वहिनींच्या नावापुढे पाच फूट एक इंच लिहिलेलं होतं.

“हिला सायकलीची भारी हौस हो,” मोघे म्हणाले. “कॉलेजला रोज सात मैल जायची. इथं सहा वर्षांत हात लावला नाही. इथं बाईमाणसाला सायकल कुठली?”

मी अर्ज घेतला. अकरा ते अठरा ऑगस्ट सहल, नऊ ऑगस्टचं विमान. डच एम्बसीचा व्हिसा जुलैत झाला. जामिनाच्या कागदावर विलेमने सही केली. फक्त आमचा शिक्का तेवढा राहिला होता. चार ऑगस्टला करू म्हणून मी फाइल बाजूला ठेवली.

दोन तारखेला, गुरुवारी, सद्दामने कुवेत गिळलं.

सौदी रेडिओ गप्प होता. टीव्हीवर काही नाही, पेपरात काही नाही. सगळे बीबीसीला कान लावून. शनिवारी ऑफिस उघडलं तेव्हा माझ्या टेबलापुढे सत्तर माणसं उभी होती आणि सत्तर जणांच्या घरी एकदम कुणी ना कुणी अत्यवस्थ झालेलं होतं. मुदीरने, म्हणजे आमच्या सौदी साहेबाने, मला आत बोलावलं. नवे अर्ज बंद. जुलैपर्यंत मंजूर झालेल्या रजाच तेवढ्या बघायच्या आणि त्यांतही जो पळून जाईल असं वाटेल त्याला शिक्का नाही.

“सात फाइली आहेत,” तो म्हणाला. “सगळी तुझ्या मुलुखातली माणसं. खरा कोण, खोटा कोण, ते तू सांग. चुकलास तर तुझी स्वतःची नोव्हेंबरची सुट्टी विसर.”

नोव्हेंबरात माझ्या मुलीचा, अदिबाचा निकाह ठरला होता. ती सुट्टी विसरणं मला शक्य नव्हतं. मी सातही फाइली घेऊन बसलो.

पहिली गोपीनाथची. स्टोअरकीपर. सोबत तार: आई आजारी, लवकर ये. असल्या तारा मी शेकड्याने वाचल्या होत्या. ओळखीचा मजकूर होता, पटला. आणखी पाच तशाच, कुणाच्या घराची वास्तुशांत, कुणाची कोर्टातली तारीख. सगळ्यांना मी हो म्हटलं. शेवटी मोघ्यांची फाइल उघडली आणि माझं डोकं जागं झालं.

डोक्यावरून लढाऊ विमानं जातायत, सीमेपलीकडे रणगाडे उभे आहेत आणि हे दोघे आठ दिवस सायकल चालवून, बेटं बघून, पुन्हा रियाधला येणार? शेंबड्या पोराला तरी पटेल का? मी माहितीपत्रक पुन्हा वाचायला घेतलं. आणि एका ओळीवर थांबलो. शिडाच्या सहली मे ते सप्टेंबर.

मे ते सप्टेंबर! आमच्या खाडीत मे संपता संपता गलबतं ओढून किनाऱ्यावर घेतात, वरून झावळ्यांनी शाकारतात. मुंबईची आगबोटसुद्धा सप्टेंबर उजाडेपर्यंत बंद असायची. भर पावसाळ्यात शिडाचं जहाज दर्यात कोण घालील? ज्याला पोराबाळांचं तोंड पुन्हा बघायचं नाही तो. आणि हे म्हणे बायकामाणसांना घेऊन बेटाबेटांनी फिरवणार. पुढचं पान तर त्याहून वरताण. ओहोटीला जहाज भर समुद्रात मुद्दाम वाळूवर बसवतात आणि प्रवासी उतरून पायी फिरतात, असं छापलं होतं, वर फोटो. ज्या तांडेलाचं गलबत बाहेर दर्यात वाळूला लागलं त्याला आमच्या गावात कुणी पोरगी दिली नसती. हे पत्रक लिहिणाऱ्याने पाणी फक्त बादलीत पाहिलं असणार, अशी माझी खात्री झाली. सहल खोटी, जहाज खोटं, सायकली खोट्या. युरोपात घुसायचं आणि तिथंच राहायचं, असा बेत.

त्याच दुपारी टेबलावरचा फोन वाजला.

“सिराजभाई, मी हेमलता मोघे. हे म्हणाले, तुमच्याकडे फाइल आहे. आम्ही परत येणार आहोत हो. घरातलं सगळं सामान इथंच आहे. मला फक्त आठ दिवस सायकल चालवायचीय.”

“वहिनी, माझ्या हातात काय आहे? मुदीर ठरवतो,” मी म्हणालो.

फोन ठेवला आणि मनात म्हटलं, चोराच्या मनात चांदणं. न विचारता ‘परत येणार’ कशाला सांगायचं? सामान इथंच आहे म्हणे. सामान सोडून पळणारे मी थोडे पाहिले होते?

मुदीरकडे सहा फाइली उजवीकडे ठेवल्या, एक डावीकडे. तो म्हणाला, “हा का नाही?” मी म्हणालो, “माझे वडील समुद्रात वाढले. या महिन्यात शिडं उभारत नाहीत. कागद बनावट आहे.” मुदीर वाळवंटातला माणूस. समुद्राच्या बाबतीत त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. मोघ्यांचे दोन्ही पासपोर्ट तिजोरीत परत गेले आणि कुलूप मीच लावलं.

चार दिवसांनी विलेम माझ्याकडे आला. रागावलेला नव्हता, गोंधळलेला होता. का नाकारलं, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. मी त्याला मोठ्या ऐटीत पावसाळ्याचं सांगितलं. तो इतका हसला की खुर्चीचा हात धरावा लागला त्याला.

“सिराज, आमच्याकडे मान्सून नाही! ऑगस्ट हाच आमचा चांगला महिना. जहाजं हिवाळ्यात बांधून ठेवतात. आणि त्या समुद्राचा तळ उथळ आहे, जहाजंही सपाट बुडाची. ओहोटीला ती सरळ बसतात, भरतीला उठतात. मी स्वतः लहानपणी त्या वाळूवर फुटबॉल खेळलोय.”

“मग आता मुदीरला सांगतो,” मी म्हणालो.

“सांग,” विलेम म्हणाला. “विमान उद्याचं आहे.”

मी सांगितलं नाही. मुदीरपुढे जाऊन मी चुकलो म्हणायचं, तर उरलेल्या सहांचं काय, असं तो विचारणार. मग माझी सुट्टी? अदिबा? मी फाइलवर फाइल रचत बसलो. दुसऱ्या दिवशी विमान गेलं. मोघे ऑफिसात आले, नेहमीसारखे मान हलवून पुढे गेले. नकार मुदीरचा आहे असंच ते धरून चालले होते आणि मी त्यांचा गैरसमज दूर करण्याच्या भानगडीत पडलो नाही. लाज वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण लाजेपेक्षा भीती मोठी होती.

सप्टेंबर संपता संपता गोपीनाथची रजा संपली. गोपीनाथ काही आला नाही. त्याचा जामीनदार, इस्मत नावाचा हैदराबादी फोरमन, माझ्या तिजोरीसमोर उभा राहून लहान पोरासारखा रडला. त्याची बायको बाळंत व्हायची होती. पासपोर्ट मिळाला नाही. नियम म्हणजे नियम. त्या दिवसापासून कंपनीत कुणी कुणाच्या जामिनावर सही करीना. सख्खा भाऊ भावाला म्हणे, माझं पेन हरवलंय.

आणि नोव्हेंबर आला. आता माझी पाळी.

गोपीनाथचा राग इस्मतवर निघाला होता, त्यामुळे माझी चूक मुदीर विसरला होता. तो म्हणाला, सुट्टी मंजूर, जामीनदार आण. मी आधी आमच्या कोकणातल्या माणसांकडे गेलो. पलीकडच्या गावचा नसरुद्दीन म्हणाला, “भाई, जीव मागा, सही मागू नका.” विलेम दम्मामला गेला होता. अकरा वर्षांत मी ज्यांना ज्यांना नाडलं ते सगळे मला एकेक करून आठवायला लागले. सगळ्या ऑफिसला कळलं, की तिजोरीवाल्या सिराजला जामीनदार मिळत नाही. काहींना उकळ्या फुटल्या होत्या आणि त्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही.

निघायला पाच दिवस राहिले तेव्हा मोघेसाहेब स्वतःहून माझ्या टेबलाशी आले.

“कुठे सही करायची?”

मला वाटलं, थट्टा करतायत. मग वाटलं, यांना काहीतरी हवंय. मग वाटलं, यांना ऑगस्टचं सगळं कळलंय आणि हा काहीतरी डाव आहे.

“तुम्ही का करताय?” मी विचारलं.

“मुलीचं लग्न आहे ना तुमच्या? बापाशिवाय कसं होईल ते?” मोघे म्हणाले. “आणि तुम्ही काय परत येणार नाही? कागद द्या.”

त्यांनी सही केली. पूर्ण नाव, मराठीत. दुसऱ्या दिवशी वहिनींनी अदिबासाठी मोतिया रंगाचं रेशमी कापड पाठवलं. घरी जाऊन मी ते कापड उलटसुलट करून पाहिलं. कुठे फाटलंय का, डाग आहे का. काही नव्हतं. चांगलं, महागाचं कापड होतं. शहाणा माणूस रडला असता. मी मात्र विचार करत बसलो, की एवढं चांगलं कापड का दिलं असावं.

निकाह छान झाला. जावई शारीक शिकलेला पोरगा. अदिबाने त्याच कापडाचा कुडता शिवून घेतला होता. डिसेंबर कसा गेला ते कळलं नाही. रोज रेडिओ. पंधरा जानेवारीपर्यंत सद्दाम कुवेतमधून निघाला नाही तर युद्ध, हे साऱ्या जगाला पाठ झालं होतं. माझं परतीचं तिकीट दहा तारखेचं.

आठ तारखेला मी बॅग भरायला घेतली तशी रईसा, माझी बायको, दाराला पाठ लावून बसली.

“आता जायाचा नाय. अकरा वर्सां मी कायपन बोलली नाय. आता बोलतंय.”

“कुणीतरी माझ्यासाठी सही केलीय,” मी म्हणालो.

“तो तुमचा कोन?”

मी तिला बाजूला केलं आणि एसटीने मुंबईला गेलो. मुंबईपर्यंत मी गेलो होतो, एवढं तरी माझ्या नावावर लिहा. मस्जिद बंदरला भाच्याच्या खोलीवर उतरलो. तिकीट कन्फर्म होतं. दहा तारखेला सकाळी अंघोळ केली, कपडे केले आणि बॅगेवर बसून राहिलो. भाचा म्हणाला, मामू, टॅक्सी बोलावू? मी म्हणालो, थांब. विमान दुपारचं होतं. दुपार झाली. मी बॅगेवरच बसलो होतो. मला कुणी अडवलं नाही, आजारी पडलो नाही, तार आली नाही. मला मरायची भीती वाटली, बस्स. संध्याकाळी भाच्याने चहा पुढे केला आणि तिसऱ्या दिवशी मी गावी परत गेलो.

सतरा तारखेला युद्ध पेटलं आणि पुढच्या काही दिवसांत रियाधवर क्षेपणास्त्रं पडायला लागली. मी रेडिओ कानाला लावून बसायचो आणि रियाधचं नाव आलं की बंद करायचो. रईसाला वाटे, मी सुटलो म्हणून अल्लाचे आभार मानतोय. मी हिशेब मांडत असे, की माझी रीएन्ट्री वीस फेब्रुवारीपर्यंत चालते. जेद्दाहची विमानं चालू असल्याचं मुंबईहून भाच्याने कळवलं होतं. म्हणजे माझा मार्ग बंद झालेला नव्हता.

नऊ फेब्रुवारीला नसरुद्दीन गावी आला. त्याच्या जामिनावर त्याच्या सख्ख्या मामाने सही केली होती. तो जेद्दाहमार्गे सुटून आला होता आणि माझ्यासाठी एक बंद पाकीट घेऊन आला होता. अक्षर बाईचं. मी पडवीत बसून फोडलं.

‘सिराजभाई, सप्रेम नमस्कार. अदिबाचं लग्न व्यवस्थित पार पडलं असेल. फोटो पाठवा. आम्ही इकडे ठीक आहोत. खिडक्यांना टेप चिकटवला आहे, भोंगा झाला की आतल्या खोलीत बसतो. आमच्या इमारतीतली बहुतेक कुटुंबं भारतात गेली. मुदीरसाहेबांनी ह्यांना सांगितलं की सिराज आला की तुमचा पासपोर्ट देतो. माझा ते द्यायला तयार आहेत, पण ह्यांना टाकून मी एकटी कुठे जाणार? ऑफिसात लोक तुमच्याबद्दल वाटेल ते बोलतात. हे त्यांच्याशी भांडतात, आणि तुम्हाला ठाऊक आहे, हे कधी कुणाशी भांडत नाहीत. हे म्हणतात, सिराजभाईंच्या घरी नक्की काहीतरी मोठी अडचण असणार. तसं असेल तर संकोच करू नका, कळवा. आमच्या मिरजेच्या माणसांना मी लिहिते, ते धावून येतील. तब्येतीला जपा. रईसाभाभींना नमस्कार. हेमलता.’

मी पत्र पुन्हा वाचलं. मग पुन्हा. टोमणा शोधत होतो. कुठेतरी असणारच. ‘तुम्हाला ठाऊक आहे’ इथं असेल, ‘संकोच करू नका’ इथं असेल. पाकीट उघडून आत आणखी काही आहे का ते पाहिलं. अकरा वर्षं लोकांच्या अर्जांतली खोड काढणारा मी, या एका पत्रात मला खोड सापडेना. त्यांनी खरंच लिहिलं होतं. त्यांना खरंच वाटत होतं की माझी काहीतरी अडचण आहे.

रईसा आतून पदराला हात पुसत आली.

“काय लिवलाय?”

“रियाधच्या वहिनींचं आहे. तुला नमस्कार सांगितलाय.”

“भली मान्सां हायेत,” ती म्हणाली. “तुमी पन लिवा त्यांना दोन अक्सरां.”

माझी रीएन्ट्री संपायला अजून अकरा दिवस होते. आमच्या गावाहून मुंबईची एसटी रोज सकाळी सुटते. मी गेलो नाही, आणि लिहिलंही नाही.